हर्षा मॅडमनी पोहे खाल्ले नाहीत

हर्षा पौनीकर कुत्र्याला घाबरते, लिफ्टला घाबरते, साहेबाच्या टेबलावरच्या घंटीलाही घाबरते. एकदा ती आमच्या शाळेत कामाला आली होती. भिंतीवर पाल दिसली तशी बाई बाकावर चढली, आणि पोरांनी पाल हुसकावून लावली तरी उतरायला तयार होईना. मी तिला तोंडावर घाबरट म्हणते. तीही "हो ना मॅडम, भित्रीच आहे मी" म्हणून हसते. आता लोक तिला शूर म्हणतात, पेपरात एकाने वाघीण लिहिलं, तेव्हा मला हसूही येतं आणि रागही येतो. त्या सकाळी यातलं कुणी तिला पाहिलेलं नाही. मी पाहिलं. सही करताना तिने भलत्याच रकान्यात नाव लिहिलं, आणि मला बोट ठेवून जागा दाखवावी लागली.

ती मूळची उमरेडची. वडील शालिकराम हातमागावर लुगडी विणायचे आणि आई मैनाबाई सुताच्या कांड्या भरायची. माग बंद पडल्यावर वडील कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे कामाला लागले, पण पोरीला मात्र शिकवलं. ती भूगोलात एम.ए. झाली, बी.एड. झाली आणि नागपुरात भैय्याजी नावाच्या संस्थाचालकाच्या कनिष्ठ महाविद्यालयात लागली. लागली म्हणजे काय, तर शिकवायला लागली. सरकारी मान्यता मिळेपर्यंत शिक्षक नावापुरताच असतो. संस्थाचालक हातावर ठेवेल तो त्याचा पगार, आणि तो ठेवेल तेव्हा. हर्षाची मान्यतेची फाईल दहा-अकरा वर्षं संस्थेच्या कपाटातून बाहेरच पडली नाही. तिच्या मागून आलेल्या दोघांच्या फायली मात्र कशा कोण जाणे, पाय फुटल्यासारख्या पुढे गेल्या. कशा ते सगळ्यांना ठाऊक होतं. हर्षालाही होतं.

नवरा मुकुंद नागपूरला लागून असलेल्या वाडी गावात एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाची नोंद करतो. तिथेच भाड्याच्या खोलीत दोघं राहतात. मान्यता मिळाली की खोली बदलायची, आईला उमरेडहून आणायचं, असं त्यांचं सगळं आयुष्य त्या एका शब्दापुढे अडून उभं होतं.

भैय्याजींविषयी एक सांगितलं पाहिजे. हा माणूस कधीच ओरडत नाही. शिपायालाही 'अहो' म्हणतो, बायांना 'ताई' म्हणतो, आणि तोंडात साखर ठेवून समोरच्याच्या पायाखालची चटई काढून घेतो. मला त्याच्या साखरेचा वीट आला आहे.

बारावीची परीक्षा आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रश्नपत्रिका आधीपासून परीक्षा केंद्रावर ठेवत नाहीत. त्या शहरात एका ठिकाणी बंदोबस्तात असतात. पेपरच्या दिवशी सकाळी प्रत्येक केंद्राचा रनर तिथे जातो, सीलबंद पिशवी ताब्यात घेतो आणि केंद्रावर आणून देतो. रनर म्हणजे धावणारा कुणी पोरगा नव्हे, कुठल्यातरी शाळेतला मास्तर नाहीतर बाई. पिशवी नजरेआड करायची नाही आणि वाटेत थांबायचं नाही, एवढे दोनच मोठे नियम. वाडीच्या पुढे असलेल्या आमच्या शाळेत केंद्र होतं, मी केंद्रसंचालक होते, आणि आमच्याकडे परीक्षेला बसणारी बरीच पोरं भैय्याजींच्या महाविद्यालयाची होती. रनर म्हणून नेमणूक आली ती हर्षा पौनीकरची. ती आपोआप आली असं मानण्याइतकी मी भोळी नव्हते, पण तेव्हा माझ्या हातात तरी काय होतं?

इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी भैय्याजींनी तिला बोलावलं. तिथे झालेलं बोलणं तिने मला पुढे शब्दन् शब्द सांगितलं.

"हर्षाताई, उद्या तुम्हाले संस्थेची गाडी देतो. आपला विक्की चालवील," ते म्हणाले. विक्की हा त्यांचा पुतण्या.

"कशाले भैय्याजी, मी ऑटोनं जाईन."

"ऑटोनं काहून? उपाशीपोटी निघान तुम्ही. वाडी नाक्याजवळ विक्की गाडी थांबवील. तिथं तर्री-पोहे लय मस्त भेटते. आरामात खा, चहा घ्या. पिशवी गाडीतच राहू द्या."

"पिशवी जवळ ठेवा लागते."

"पोह्याची प्लेट धरान का पिशवी धरान?" भैय्याजी हसले. मग टेबलावरची एक फाईल त्यांनी नुसती सरळ केली. "तुमची मान्यतेची फाईल आहे ही. उद्या दुपारी पाठवून देतो म्हणतो. लय दिवस झाले तुम्हाले."

बस, इतकंच. धमकी नाही, पैशाचं नाव नाही, पेपर फोडा असा शब्द नाही. सकाळी घराबाहेर पडलेला नागपूरकर कुठेही थांबून झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे खातो, आणि तू का थांबलास असं त्याला कुणी विचारत नाही. तिला काही करायचंच नव्हतं. फक्त खायचं होतं, आणि खाताना गाडीकडे बघायचं नव्हतं.

घरी येऊन तिने मुकुंदला सांगितलं. त्याने ताटातली भाकरी मोडली. मग म्हणाला, "पोहेच तं खायचे आहे." आणि ताटावरून उठताना म्हणाला, "नको वं. नको."

मी तिला नंतर विचारलं, त्या वेळी मला फोन का नाही केलास? म्हणाली, "तुम्ही रागावल्या असत्या." मी रागावलेच असते, हे खरं आहे. पण या बाईला मी कशी समजावू की रागावणारी बाई कधीकधी कामाचीही असते!

सकाळी विक्की वेळेवर हजर. गाडीत अत्तराचा वास, डॅशबोर्डवर दोन फोन. सीताबर्डीच्या अलीकडे जिथे पिशव्या मिळत होत्या, त्या इमारतीच्या फाटकासमोर त्याने गाडी लावली. हर्षा आत गेली. तिथले अधिकारी बाबाराव म्हणून होते. कॅमेऱ्यासमोर त्यांनी सील दाखवलं, हिच्या सह्या घेतल्या. पिशवी हातात आली तरी ती टेबलापासून हलली नाही.

"सर, मले दुसरी गाडी भेटन का?" तिने हळूच विचारलं.

"काहून? संस्थेची गाडी आहे ना बाहेर?"

"आहे. पण मले त्या गाडीत नाही जायचं."

बाबारावांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. त्यांना कळलं. तिला खात्री आहे की त्यांना कळलं. पण ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, मांगं लाइन आहे, लवकर करा." हा कानावर हात ठेवणारा माणूस मला विक्कीपेक्षाही जास्त खुपतो.

ती वळली. समोरच्या फाटकातून विक्कीची गाडी दिसत होती. मागच्या बाजूला सायकल स्टँड होतं आणि त्याच्या पलीकडे लहान दार. ती सांगते, "मी काही ठरवलं नाही मॅडम. पायच तिकडं गेले." लहान दारातून बाहेर पडून, पिशवी छातीशी धरून ती गल्लीतून व्हरायटी चौकाकडे जवळजवळ पळत सुटली. एक ऑटोवाला वाडीपर्यंत यायला तयार नव्हता, दुसरा भाड्यावरून हुज्जत घालू लागला. तेवढ्यात वाडीकडची बस आली. ती चढली.

आता खरी गंमत. गंमत तरी कसली, तिच्या तोंडचं पाणी पळालं. बस परीक्षार्थींनी भरलेली होती. आमच्याच केंद्रावर निघालेली पोरं-पोरी, गळ्यात हॉलतिकिटाची प्लास्टिकची पाकिटं. आणि त्यांच्यात ही बाई, त्याच पोरांचा पेपर मांडीवर घेऊन. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती, तिथे ती अंग चोरून बसली. शेजारी एक मुलगी होती. ती अबोली. भैय्याजींच्याच महाविद्यालयाची, वाणिज्य शाखेची. भूगोल नसल्याने हर्षाने तिला कधी शिकवलं नव्हतं, पण दोघी एकमेकींना चेहऱ्याने ओळखत होत्या.

लॉ कॉलेज चौक गेला. मागच्या सीटवरचा एक पोरगा फोनवर बोट फिरवत सारखा पुटपुटत होता, "आला नाही बे अजून." दुसरा म्हणाला, "वाडीवरून येते म्हणे. थांब ना." तिसऱ्याने विचारलं, "पक्का ना पण?" हर्षाच्या लक्षात आलं, ही पोरं कशाची वाट बघताहेत ते. त्यांच्या फोनवर जे यायचं होतं, ते तिच्या मांडीवर होतं. तिने पिशवीवर पदर ओढून घेतला.

रविनगरला अबोलीचा फोन वाजला. आवाज विक्कीचा होता, आणि तो इतका मोठ्याने बोलत होता की हर्षाला सगळं ऐकू आलं. कुणीतरी हर्षाला पोरांच्या या बसमध्ये चढताना पाहून त्याला कळवलं होतं. "तुमच्या बसमधी हर्षा मॅडम आहे का? काळी पिशवी असन तिच्याजवळ. पुढच्या स्टॉपवर उतरव तिले. मी गाडी घेऊन मांगंच आहो."

अबोलीने मान वळवली. आधी मॅडमकडे बघितलं, मग पदराकडे. फोन कानापासून दूर धरून ती कुजबुजली, "मॅडम, त्यात आहे का?"

हर्षाला खोटं बोलता येत नाही. भित्री माणसं खोटं बोलतात असं म्हणतात, हिला तेही जमत नाही. तिने होकारार्थी मान हलवली.

"मॅडम, उतरा ना," अबोली म्हणाली. "विक्कीदादा वाट पाहून राहिला. दोनच मिनिटं. माझ्या बाबानं त्याले पैसे देऊन ठेवले आहे. मले इंग्रजी नाही येत. खरंच नाही येत. नापास झाली तं बाबा पुढं शिकवणार नाही." तिने हात जोडले. हर्षा सांगते, पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, लबाडी नव्हती.

अशा वेळी शहाणी बाई काहीतरी समजावते. प्रामाणिकपणा, कष्ट, देश वगैरे. हर्षाला काही सुचलं नाही.  ती म्हणाली, "मलेही नव्हतं येत वं. मले बारावीत इंग्रजीत कसेबसे काठावरचे मार्क होते. पण मी उतरत नाही. तुले ओढून काढायचं असन तं काढ."

"बाकी सगळ्याइले भेटन मॅडम! दुसऱ्या सेंटरवर भेटतेच. मी एकटीच काहून मरू?"

हर्षाने पदराखाली पिशवी आणखी घट्ट धरली.  इतकी वर्षं मी शाळेत भाषणं ठोकली, आता तशी वेळ आली की मला त्या पोरीचा हा एक प्रश्न आठवतो.

अबोलीने फोन कानाला लावला, तसाच बंद केला आणि समोर बघत बसली.

वाडी नाक्याला बस थांबली. विक्की तिथे बसच्या आधीच पोचला होता. तो मागच्या दाराने चढला, गर्दीतून वाट काढत आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा गोड आवाजात म्हणाला, "काय मॅडम, गाडी सोडून बसनं? चला, भैय्याजी चिंता करून राहिले. द्या, पिशवी मी धरतो." त्याने हात पुढे केला.

हर्षा खिडकीशी होती. तिच्यापर्यंत पोचायला अबोलीला उठावं लागणार होतं, निदान गुडघे तरी बाजूला घ्यावे लागणार होते.

"सरक वं," विक्की म्हणाला.

अबोली सरकली नाही. तिने वरही बघितलं नाही. पुढच्या सीटच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून तशीच बसून राहिली. विक्कीने तिच्या खांद्याला हात लावला तशी ती किंचाळली, "हात नको लावू!" अख्खी बस वळली. मधल्या सीटवरून गोदामात काम करणारी एक धिप्पाड बाई उठली आणि "काहून बे, पोरीले हात लावतं?" म्हणत त्याच्या अंगावर आली. कंडक्टर आला, तिकीट काढ नाहीतर उतर म्हणाला. विक्की उतरला. उतरताना त्याने अबोलीकडे बोट दाखवलं. काय म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही, पण तिला कळलं असावं.

मी फाटकात उभी होते. रनरची वाट बघून माझं डोकं फिरलं होतं, आणि बसमधून पोरांच्या लोंढ्यात ही बाई उतरताना बघून मी तिथेच तिला झाडलं. "प्रश्नपत्रिका बसमधून आणतेस? अक्कल गहाण ठेवलीस का?"  तिने आत येऊन पिशवी टेबलावर ठेवली, पोच म्हणून सही केली आणि मग ती खुर्चीत कोसळली. आम्ही सील तपासलं. एकही टाका हललेला नव्हता. आतली पाकिटंही वर्गावर्गात पोरांच्या समोर फोडतात आणि ती सीलबंद होती अशा दोन-दोन विद्यार्थ्यांच्या सह्या घेतात. त्या सगळ्या सह्या झाल्या. पेपर सुरू झाला आणि तेव्हा कुठे तिने मला विक्कीचं आणि पोह्यांचं सांगितलं.

मला वाटलं, संपलं. मी आयुष्यभर शाळेत राहूनही किती बाळबोध आहे बघा!

दोनच दिवसांत तक्रार आली, आणि ती हर्षाच्या विरुद्ध. संस्थेने दिलेली सुरक्षित गाडी टाळून रनर प्रश्नपत्रिकेसह मागच्या दाराने पळाल्या, परीक्षार्थींनी भरलेल्या बसमध्ये बसल्या, आणि तिथे त्यांनी पैसे घेऊन पेपर दाखवला असा दाट संशय आहे. खाली भैय्याजींची सही. मागचं दार खरं होतं, बस खरी होती, पोरं खरी होती. एवढ्या खऱ्या गोष्टींवर त्यांनी एक खोटी गोष्ट अलगद ठेवली होती. हर्षाला परीक्षेच्या कामातून काढलं, संस्थेने घरी बसवलं, चौकशी लागली. फाईल तर गेलीच, आता पोलिसांत गुन्हा दाखल होतो की काय अशी पाळी आली. उमरेडला मैनाबाईंना शेजारणी विचारू लागल्या, तुमच्या पोरीनं पेपर विकला म्हणे?

"त्या मुलीचं नाव दे," मी तिला म्हटलं. "तिला विक्कीचा फोन आला होता. तिला बोलाव साक्षीला."

"नाही मॅडम. तिनं पेपर मागतला हे निघन त्याच्यात. तिचं वर्ष जाईन."

"आणि तुझं आयुष्य?"

ती रडली, पण नाव दिलं नाही. मी तिच्यावर इतकी चिडले की आठवडाभर फोन केला नाही. पालीला घाबरणारी बाई नको तिथे अशी हट्टी! माझ्या जबाबात मी सील शाबूत होतं असं लिहिलं. पण सील शाबूत ठेवून पेपर काढायच्या युक्त्या असतात, असं भैय्याजींच्या वकिलाने ठामपणे सांगितलं.

चौकशीची तारीख निकालानंतरची निघाली. समितीचे तीन अधिकारी, एका बाजूला भैय्याजी पांढऱ्या कपड्यांत, दुसऱ्या बाजूला हर्षा आणि मी. हर्षाने सगळं खरं सांगितलं, फक्त अबोलीला वगळून. भैय्याजी शांतपणे ऐकत होते. मग हात जोडून म्हणाले, "साहेब, मी ताईले उपाशी जाऊ नका, पोहे खा म्हटलं. हा गुन्हा आहे काय?" समितीतला एक जण हसला.  आम्ही हरलो होतो.

दार ढकलून एक मुलगी आत आली. शिपाई तिच्या मागे ओरडत होता. हर्षा ताडकन उभी राहिली, म्हणून मला कळलं ही कोण ते.

"तू कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

"अबोली. मी बसमधी मॅडमच्या बाजूले बसून होती. तुम्ही म्हणता ना मॅडमनं पेपर दाखवला? मी मागतला होता साहेब. हात जोडले होते. पिशवी माझ्या कोपराले लागून होती."

"मग?"

"मंग काय. मी इंग्रजीत नापास झाली."

 तिने विक्कीच्या फोनचं सांगितलं, बापाने त्याला पैसे दिल्याचं सांगितलं, बसमध्ये फोनवर पेपरची वाट बघणाऱ्या दोघांची नावं सांगितली. तेही नापास झाले होते. भैय्याजी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले, "ही पोरगी पढवून आणली आहे!" अध्यक्षांनी त्यांना हाताने थांबवलं आणि अबोलीकडे वळून म्हणाले, "हे मी लिहून घेतलं तर तुझ्यावरही कारवाई होईल. पुढच्या परीक्षेलाही बसता येणार नाही कदाचित. कळतंय का?"

"साहेब, तिचं नाव नका लिहू," हर्षा म्हणाली. साहेबाच्या घंटीला घाबरणारी ही बाई तीन साहेबांसमोर टेबलावर हात टेकून उभी होती. "माझं काय व्हायचं ते होऊ द्या. पोरगी लहान आहे."

"लिहा," अबोली म्हणाली.

साहेबांनी लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात हर्षाने तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. "काहून आली वं तू? काहून आली? मी तुझं नाव घेतलं होतं का?"

अबोलीने तिच्या नजरेला नजर दिली नाही. "पास झाली असती तं नसती आली, मॅडम," ती म्हणाली. "खरं सांगते. नसती आली."

हर्षाने तिचे खांदे सोडले नाहीत, आणि मला त्या दोघींकडे बघवेना म्हणून मी ऑटो शोधायला खाली उतरले.